रंग दिवाळीच्या आधी नको, नंतर काढा

गणपतीचं विसर्जन झालं की मुंबईतल्या रंगाऱ्यांचे फोन वाजायला लागतात. दिवाळीच्या आत घराला रंग लागला पाहिजे, हा आपल्याकडचा अलिखित नियम. मग पुढच्या जुलैत त्याच भिंतीवर फुगे येतात, पोपडे सुटतात आणि शिव्या खातो रंगारी, नाहीतर रंगाची कंपनी. बहुतेक वेळा दोघांचाही फारसा दोष नसतो. भिंत ओली असताना तिच्यावर रंग चढवला, एवढंच झालेलं असतं.

मुळात ही रीत चुकीची नव्हती. ती चुन्याची रीत होती. पावसाळ्यात भिंती काळवंडायच्या, शेवाळायच्या, आणि आश्विनात चुन्याचा हात दिला की घर पुन्हा पांढरंशुभ्र. चुन्याला ओलसर भिंत चालते, नव्हे लागतेच. भिजवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि ते व्हायला थोडा ओलावा हवा असतो. ठणठणीत कोरड्या भिंतीवर मारलेला चुना अंगाला पांढरा लागतो, हे जुन्या लोकांना माहीत असायचं. शिवाय ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशी धरत नाही, आणि त्याचा थर सच्छिद्र असल्यामुळे भिंतीतली वाफ आरपार निघून जाते. आज आपण लावतो ते प्लास्टिक इमल्शन. तो भिंतीवर ताणून बसवलेला पातळ पडदा असतो. त्याच्या मागे पाणी अडकलं की ते बाहेर पडायला वाट शोधतं, आणि पडदा उचलूनच बाहेर पडतं. साहित्य बदललं, मुहूर्त मात्र तोच राहिला.

आता पंचांग आणि पाऊस शेजारी ठेवून बघा. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. २०२५ मध्ये दसरा होता २ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. म्हणजे पाऊस परतायच्या सरासरी तारखेपासून दिवाळीपर्यंत जेमतेम तेरा दिवस. एवढ्यात चार महिने भिजलेली भिंत सुकायची, खरवडायची, पुट्टी भरायची आणि दोन हात मारायचे! २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आणि दिवाळी ८ नोव्हेंबरला येते. तेव्हा महिनाभर तरी मिळतो. दिवाळीआधीच रंग हवा असा घरातून हट्टच असेल, तर तो अधिक महिन्याच्या वर्षी पुरवावा.

ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं. बाहेर अंग भाजतं, म्हणून भिंतही सुकली असं वाटतं. पण ऊन सुकवतं ते वरचे काही मिलिमीटर. जुन्या इमारतींतली नऊ इंची विटांची भिंत आतून ओलीच असते, आणि तापलेला पृष्ठभाग हळूहळू आतलं पाणी स्वतःकडे ओढत राहतो. हात लावून बघितलं तर कोरडी, रंग मारला की पंधरा दिवसांत फुगा. शिवाय पाणी एकटं येत नाही. विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून घेऊन येतं. पृष्ठभागाशी पाणी उडून जातं, क्षार मागे उरतात, त्यांचे स्फटिक होतात आणि पुट्टीला मागून ढकलून भुगा करतात. यालाच आपण लोणा लागणं म्हणतो. हा लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढायचा. पाण्याने धुतला तर क्षार पुन्हा विरघळून भिंतीत शिरतात.

मग बरोबर वेळ कोणती? मुंबईपुरतं बोलायचं तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत. त्यातही डिसेंबर-जानेवारी सगळ्यात उत्तम. उत्तरेकडचे कोरडे वारे सुरू झालेले असतात, दुपारची आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली उतरते, आणि पारा असा असतो की रंग ना फार भरभर सुकतो, ना रेंगाळतो. खिडक्या दिवसभर उघड्या ठेवता येतात, वासही लवकर जातो.

आर्द्रतेवर एवढा भर का, तर दवबिंदूमुळे. ज्या तापमानाला हवेतली वाफ भिंतीवर पाणी होऊन बसते ते तापमान म्हणजे दवबिंदू. रंग लावताना भिंत त्याच्यापेक्षा निदान तीन अंशांनी गरम असावी असा नियम आहे. पावसाळ्यात हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू येतो २७ च्या आसपास, आणि पावसाने भिजलेली भिंतही २७-२८ लाच असते. म्हणजे डोळ्यांना दिसत नसलं तरी भिंत घाम फुटायच्या बेतात आहे. जानेवारीच्या दुपारी हवा तेवढीच ३० अंश, पण आर्द्रता ४५ टक्के धरली तर दवबिंदू १७ च्या आसपास. बारा-तेरा अंशांची सवड मिळते. डब्यावर ‘चार ते सहा तासांनी दुसरा हात’ असं छापलेलं असतं, ते अशा हवेसाठी. जुलैत तोच रंग दुसऱ्या दिवशी सकाळी बोटाला चिकटतो.

मार्च वाईट नाही. आतल्या कामाला एप्रिलही चालतो, महिनाअखेर मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, काही मंडळी गावी गेलेली असतात, घर रिकामं मिळतं. मेमध्ये मात्र हवेत दमटपणा वाढत जातो, कारागीर लग्नसराईला गावी जातात, आणि एखाद्या वर्षी तलावांची पातळी घटून पाणीकपात लागू होते. अशा वेळी काही सोसायट्या बोअरवेलचं पाणी वापरा म्हणतात. पिण्यासाठी नाही ना, मग काय हरकत, असं वाटतं. हरकत मोठी आहे. मुंबईत किती तरी ठिकाणी बोअरचं पाणी मचूळ असतं. ते पुट्टीत किंवा रंगात घातलं की आपण हाताने क्षार भिंतीत भरतो. पुट्टी, प्रायमर, रंग या तिन्हींना नळाचंच पाणी, दोन बादल्या आधी भरून ठेवा.

कारागिरांच्या सणांचाही हिशेब धरावा लागतो. मुंबईत रंगकाम करणारे बरेच जण उत्तर प्रदेश-बिहारकडचे. ते दिवाळीला जातात आणि छठपूजा करूनच परततात, पुन्हा होळीला जातात. कोकणातले असतील तर गणपती आणि शिमगा. दिवाळीच्या आधीच्या तीन आठवड्यांत मागणी सगळ्यात जास्त आणि माणसं सगळ्यात कमी. भाव चढतो, आणि एकच टोळी तीन घरं धरून प्रत्येक ठिकाणी अर्धा दिवस येते. पुट्टी सुकायला द्यायचा वेळ सगळ्यात आधी कापला जातो तो याच दिवसांत. डिसेंबरचं काम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरवलंत तर तीच माणसं निवांत हात चालवतात, दरातही घासाघीस होते.

पावसाळ्यात रंग नको, पाहणी करा

रंगाच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा महिना जुलै, हे ऐकायला विचित्र वाटेल. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी आठशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भिंतीत जिथे कुठे वाट असेल तिथून पाणी येतंच, आणि कुठून येतं ते तेव्हाच कळतं. डिसेंबरात सगळे डाग सुकून एकसारखे दिसतात.

करायचं एवढंच. जिथे ओल दिसेल तिच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारायची, शेजारी तारीख लिहायची, फोटो काढायचा. दर पंधरा दिवसांनी पुन्हा. ओल कशी वाढते त्यावरून कारण ओळखता येतं. मोठ्या सरीनंतर तासा-दोन तासांत वाढली आणि उघडीप मिळताच ओसरायला लागली, तर बाहेरच्या गिलाव्याची भेग किंवा खिडकीच्या चौकटीचा सांधा. पावसाशी संबंध नसताना कायम सारखीच असेल, विशेषतः संडास-बाथरूमच्या मागच्या भिंतीला किंवा छताला, तर पाइप किंवा वरच्या मजल्याची फरशी. तळमजल्यावर जमिनीपासून वर दोन-तीन फुटांपर्यंत सरळ पट्टा आला असेल, तर पाणी जमिनीतून चढतंय. आणि कपाटाच्या मागे, कोपऱ्यात, नुसते काळे ठिपके असतील, पाणी दिसत नसेल, तर ती बुरशी आहे. तिथे हवा खेळत नाही.

चारही रोगांना औषध वेगळं, आणि चौघांवर ‘वॉटरप्रूफ पुट्टी मारून देतो’ हा एकच उपाय सांगणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आतल्या बाजूने पाणी अडवलं की ते भिंतीतच राहतं आणि शेजारच्या खोलीत निघतं. वरच्या बाथरूमची गळती असेल तर ती दुरुस्त झाल्यावर छताला निदान तीन-चार आठवडे उघडं ठेवायचं, मग पुट्टी. वरच्यांशी वाद चालू असताना खाली रंग काढणं म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः.

पावसाळी वारे येतात नैर्ऋत्येकडून, म्हणून पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंती जास्त झोडपल्या जातात आणि सगळ्यात उशिरा सुकतात. आतल्या कामाचा क्रमही त्यावरूनच लावायचा. मधल्या पार्टिशनच्या भिंती आणि उत्तर-पूर्वेच्या खोल्या आधी, पश्चिमेची बेडरूम शेवटी. तिला तेवढेच आठ-दहा दिवस जास्त मिळतात.

भिंत सुकली की नाही, कसं ओळखायचं

हात लावून नव्हे. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला पक्क्या चिकटवा, कुठेही फट नको. संध्याकाळी लावा आणि निदान सोळा तासांनी, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी, उघडा. प्लास्टिकच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब किंवा भिंतीवर गडद डाग दिसला तर पाणी भिंतीतून येतंय, अजून थांबा. थेंब बाहेरच्या अंगाला असतील तर ते खोलीतल्या हवेचे, खिडक्या उघडा. पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीच्या खाली आणि मजल्यापासून फूटभर वर, अशा तीन ठिकाणी लावला तर चित्र स्पष्ट होतं.

ओल मोजायचं यंत्र आजकाल ऑनलाइन मिळतं, दोन टोकदार खिळ्यांचं. ते मुळात लाकडासाठी बनवलेलं असतं, त्यामुळे भिंतीवर दिसणारा टक्केवारीचा आकडा खरा धरू नका. घरातली एखादी नक्की कोरडी पार्टिशनची भिंत मोजा, मग बाहेरची मोजा, फरक बघा. लोणा लागलेल्या भिंतीवर हे यंत्र खोटं बोलतं, क्षारांमुळे कोरड्या भिंतीलाही ओली म्हणतं.

नवा गिलावा असेल तर प्रश्न वेगळा. सात दिवस पाणी मारायचं आणि एकूण अठ्ठावीस दिवस तरी रंगाला हात लावायचा नाही. ताजं सिमेंट जबर अल्कधर्मी असतं, रंगातल्या चिकट घटकाला ते खातं आणि रंग जागोजागी फिका पडतो. दुरुस्तीसाठी नवा गिलावा केलेले चट्टे महिनाभराने उठून दिसतात ते यामुळेच.

चाळीत किंवा जुन्या घरात, गिरगाव-लालबागकडे, चुन्याचा गिलावा अजून सापडतो. नख मारलं तर मऊ, पांढरट भुगा येतो. त्याच्यावर पुट्टी आणि तेलरंगाचा पट्टा चढवू नका. त्या भिंतीला श्वास घ्यायची सवय आहे, पट्टा मारला की ओल वर चढते आणि पट्ट्याच्या वरच्या कडेला पोपडे सुटतात. तिथे आजही चुनाच बरा, आणि तो खुशाल दिवाळीआधी लावा.

किती माल, किती दिवस

चारशे चौरस फूट कार्पेटचं वन बीएचके धरू. भिंती आणि छत मिळून क्षेत्र कार्पेटच्या साधारण साडेतीनपट येतं, म्हणजे चौदाशे चौरस फूट. त्यात छत चारशे, भिंती हजार. आतलं बऱ्यापैकी इमल्शन दोन हातांना लिटरमागे शंभर ते सव्वाशे चौरस फूट जातं, पण कंपनीचा आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो, म्हणून शंभरच धरा. भिंतींना दहा लिटर, छताला पांढरा चार लिटर. प्रायमर एक हात, पाणी घालायच्या आधीच्या मापाने दहा ते बारा लिटर. पुट्टी, जिला जुने रंगारी लांबी म्हणतात, सगळीकडे नव्याने दोन हात भरायची तर चाळीस किलोच्या तीन गोण्या. भिंत उंचसखल असेल तर चौथी. जुनी पुट्टी पक्की असेल आणि नुसते खड्डे भरायचे असतील तर वीस किलो पुष्कळ. पक्की आहे का ते लोखंडी पट्टीने टकटक करून बघा. पोकळ आवाज आला की तेवढा भाग उतरवायचा, त्यात दयामाया नको.

पुट्टीच्या गोणीवरची तारीख वाचा. पावसाळाभर दुकानाच्या ओट्यावर राहिलेली गोणी आतून खडे धरते, कारण तिच्यात पांढरं सिमेंट असतं आणि ते हवेतल्या ओलीने गोठतं. ऑक्टोबरात स्वस्तात मिळणारा माल बरेचदा असलाच असतो. एका किलोला साडेतीनशे ते चारशे मिलिलिटर पाणी, नीट फेटून दहा मिनिटं मुरू द्यायचं, पुन्हा फेटायचं, आणि भिजवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपवायची. घट्ट झाली म्हणून वरून पाणी ओतून सैल करणारे रंगारी असतात. ती पुट्टी सुकल्यावर पूड सोडते.

इथे हिवाळ्याचाही एक तोटा सांगायला हवा. डिसेंबरात भिंत इतकी कोरडी होते की पुट्टीतलं पाणी लगेच शोषून घेते, सिमेंटला घट्ट व्हायला पाणी उरत नाही, आणि पुन्हा तीच पांढरी पूड. म्हणून पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीआधी भिंतीवर पाण्याचा हलका हात फिरवतात. ओघळ येता कामा नयेत, नुसती भिंत गडद दिसावी. महिनाभर सुकवली आणि आता पुन्हा ओली का, असं वाटेल. पण हे वरवरचं पाणी पुट्टी पिऊन टाकते, आतल्या ओलीशी त्याचा संबंध नाही. ही पुट्टी थेट गिलाव्यावर भरतात आणि प्रायमर तिच्यानंतर. डब्यात तयार मिळणाऱ्या, सिमेंट नसलेल्या अॅक्रिलिक पुट्टीचं उलटं, आधी प्रायमर. दोन्ही हातांचा मिळून थर दीड मिलिमीटरच्या वर नको, खोल खड्डे आधी सिमेंटच्या मसाल्याने भरून घ्यायचे. घासायला आधी १८० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी ३२०. घासल्यावरची धूळ ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय प्रायमर मारला तर तो भिंतीला नाही, धुळीला चिकटतो.

दिवस मोजायचे तर हिवाळ्यात खरवडणं एक, पुट्टी दोन, घासणं आणि प्रायमर एक, रंगाचे दोन हात दोन, दारं-खिडक्या दोन. सामान एका खोलीतून दुसरीकडे हलवत राहणाऱ्या घरात आठ ते दहा दिवस धरा. हेच काम जुलैत पंधरा-वीस दिवस खातं आणि तरी खात्री नाही.

शेडचा रंग सगळा एकदम बनवून घ्या आणि सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. आठवड्याने आणलेला डबा त्याच मशीनवरचा असला तरी भिंतीच्या मधोमध फरक दिसू शकतो.

बाहेरून रंग: सोसायटीचं गणित

बाहेरच्या रंगाला वेळेची चूक अजिबात माफ होत नाही. इथे हिशेब उलटा मांडावा लागतो. मेच्या मध्यापर्यंत शेवटचा हात होऊन परांची उतरलेली असली पाहिजे, म्हणजे पाऊस येण्याआधी रंगाला पक्कं व्हायला तीन-चार आठवडे मिळतात. गिलाव्याची दुरुस्ती, तिचे अठ्ठावीस दिवस, भेगा, धुणं, प्रायमर, दोन हात, हे सगळं सात मजल्यांच्या इमारतीला तीन-चार महिने सहज घेतं. म्हणजे परांची डिसेंबर-जानेवारीत बांधायला हवी. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. खर्चाला मंजुरी तिथेच घ्या. त्यासाठी कोटेशनं जुलै-ऑगस्टमध्ये, इमारत गळत असतानाच मागवा. भर पावसात येऊन जागा बघून गेलेल्या ठेकेदाराचा अंदाज आणि फेब्रुवारीत गच्चीवरून खाली वाकून बघणाऱ्याचा अंदाज, यांत पुष्कळ फरक असतो. इमारत तीस वर्षांपुढची असेल तर महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट लागतंच. ते आधी करा. खांबातल्या सळ्या गंजलेल्या असताना वरून रंग म्हणजे तापावर पावडर.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग रंगाच्या आधी. बाहेरच्या भेगांत केसासारख्या बारीक असतील त्या अॅक्रिलिक क्रॅक फिलरने, त्याहून रुंद असतील तर व्हीच्या आकारात कापून क्रॅक पेस्टने भरतात. शेवाळं दाबाच्या पाण्याने धुऊन, शेवाळनाशक लावून, वाळल्यावर मगच पुढे. धुतल्यावर दोन-तीन दिवस कडक ऊन हवं, हा मुद्दा ठेकेदार हमखास विसरतो. बाहेरचं इमल्शन खरबरीत गिलाव्यावर दोन हातांना लिटरमागे पन्नास ते साठच चौरस फूट जातं. याच्या दुप्पट आकडा कोटेशनमध्ये दिसला तर रंगात पाणी किती पडणार ते समजा.

तापलेल्या भिंतीवर रंग मारायचा नाही. पाणी इतक्या भराभर उडतं की रंगाचे कण एकमेकांत मिसळून सलग पडदा बनायला वेळच मिळत नाही, आणि ब्रशचे जोड दिसतात. म्हणून सावलीच्या मागे मागे जायचं. सकाळी पश्चिमेची बाजू, दुपारनंतर पूर्वेची. हिवाळ्यात बोरिवली-पवईकडे पहाटे दव पडतं, तिथे नऊ-दहाच्या आधी सुरुवात नको आणि संध्याकाळी पाचनंतर नवीन हात नको. झुल्यावरच्या माणसाला सेफ्टी बेल्ट हवाच. तो स्वतः नको म्हणाला तरी.

रंग ओला असताना अवकाळी सर आली तर गडद शेडवर चिकट, पांढरट किंवा तपकिरी ओघळ उतरतात. रंग गेला असं वाटतं. बहुतेकदा ते रंगातले साबणासारखे घटक वर आलेले असतात, साध्या पाण्याने धुतले की जातात. त्यावर घाईने तिसरा हात चढवू नका.

लाकूड आणि लोखंड

तेलरंग, म्हणजे इनॅमल, हवेतल्या ऑक्सिजनने सुकतो. दमट हवेत तो दिवसेंदिवस चिकट राहतो आणि चमक जाऊन पांढरट झाक येते. लाकडाच्या लॅकर-पॉलिशचं तर पावसाळ्यात हमखास दूध होतं. दारांचं काम डिसेंबरशिवाय नकोच. पावसात दार फुगून अडकलं म्हणून रंधा मारू नका, जानेवारीत तिथे बोटभर फट दिसते. सुकल्यावर रंगवताना दाराची वरची आणि खालची कडही रंगवून घ्या. पाणी तिथूनच शिरतं आणि रंगारी नेमका तिथेच ब्रश नेत नाही.

खिडकीची ग्रिल समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात असते. घासायच्या आधी गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मीठ रंगाखाली राहतं आणि सहा महिन्यांत फोड येतात. तारेच्या ब्रशने गंज काढून उघडं पडलेलं लोखंड त्याच दिवशी रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमरने झाका. रात्रभर ठेवलं तर सकाळी नवा गंज. मोकळ्या मैदानांची आणि बांधकामांची धूळ हिवाळ्यातच जास्त उडते, तेव्हा तेलरंग सकाळी वारा पडलेला असताना उरकावा. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की ओल्या रंगावर रेती बसते.

आणि पावसाळ्यातच काढायचा असेल तर?

कधी कधी इलाज नसतो. भाड्याचं घर बदलायचंय, लग्न आलंय. मग फक्त आतल्या पार्टिशनच्या भिंती आणि गळत नसलेली छतं घ्या, बाहेरच्या भिंतींना हात लावू नका, त्यांना पुट्टी तर नाहीच. एकावेळी एकच खोली, दार-खिडक्या बंद, एसी ड्राय मोडवर, नाहीतर डिह्युमिडिफायर भाड्याने. दोन हातांमध्ये अख्खी रात्र जाऊ द्या. बुरशी असेल तर कोरडी खरवडू नका, तिचे बीजाणू खोलीभर पसरतात. एक भाग घरगुती ब्लीच, तीन भाग पाणी, लावून पंधरा-वीस मिनिटांनी धुऊन सुकवा. हातमोजे घाला, खिडकी तेवढ्यापुरती उघडा, आणि त्यात संडास धुवायचं अॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू होतो. रंगाऱ्याला आधीच सांगा की बाहेरच्या भिंती जानेवारीत करायच्या आहेत, आणि तेवढ्यासाठी लागणारा रंग आताच वेगळा काढून ठेवा.

रंग झाल्यावर महिनाभर भिंत धुवायची-पुसायची नाही, इमल्शनला पूर्ण पक्कं व्हायला तेवढा वेळ लागतो. पश्चिमेच्या भिंतीला लावलेलं कपाट दोन-तीन इंच पुढे ठेवा. उरलेला रंग मोठ्या डब्यात तळाशी ठेवला तर साय धरतो. काठोकाठ भरेल अशा लहान बरणीत ओता, झाकण घट्ट लावा आणि वर शेडचा नंबर, खोलीचं नाव आणि तारीख लिहा. पुढच्या जुलैत खिडकीखाली पहिला डाग दिसेल तेव्हा पेन्सिलीच्या शेजारी तीच बरणी लागते.